मालिनीबाईंनी लुटलेलं वाण

मालिनीबाईंचा राग नाकावर कधीच नव्हता. नाकावरचा राग शिंकेसरशी उडून जातो, असं त्याच म्हणत. त्यांचा राग पोटात असायचा, बरणीला दादरा बांधावा तसा बंद, आणि मुरल्याशिवाय तो बाहेर काढायचा नाही ही त्यांची रीत. पंचवटीतल्या त्यांच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. मालिनीबाई ओरडल्या तर खुशाल समोर उभं राहावं, गप्प बसल्या तर मात्र पायात चपला घालाव्या आणि निघावं.

या रागाचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. उभा जन्म बाईंनी एका सरकारी कचेरीत काढला. टिपणी यांनी लिहायची, अहवाल यांनी तयार करायचा, वरून वाकडा प्रश्न आला की त्याला सरळ उत्तर यांनी शोधायचं, आणि खाली झोकदार सही साहेबांची. साहेब येत, सह्या करत, बढती घेऊन जात. एका साहेबाला यांच्याच अहवालावर वरून शाबासकी आली, तेव्हा त्याने बाईंच्या टेबलावर एक पेढा आणून ठेवला. बाईंनी तो कचेरीबाहेरच्या गाईला घातला. पेढा गाईने खाल्ला, पण अडकला बाईंच्या घशात, आणि तिथेच राहिला.

निवृत्त झाल्या त्या संध्याकाळी हार खुंटीला अडकवून त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "आता या हातातून जे निघेल ते माझ्या नावाने निघेल. नाहीतर निघणार नाही."

ढुंढिराजगुरुजी सुपारी कातरत होते. रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. दिवसभर परक्यांची नावं-गोत्रं उच्चारून घरी आलं की त्यांना बोलायचा कंटाळा यायचा. "बरं," एवढंच म्हणाले, आणि अर्धी सुपारी बायकोच्या हातावर ठेवली.

आता शौनक. हा धाकट्या दिरांचा मुलगा. दीर-जाऊ नोकरीपायी गुजरातेत, म्हणून शाळा-कॉलेजची सगळी वर्षं पोरगं काकूच्या हाताखाली वाढलं. मालिनीबाईंना मूलबाळ नाही. काकू-पुतण्याचं असं मेतकूट, की एक तीळ असता तर दोघांनी वाटून खाल्ला असता, आणि त्यातही मोठा तुकडा काकूने त्याला दिला असता. पुढे शौनकने गंगापूर रोडला कॅफे काढला. वायनरीकडे जाणाऱ्या मुंबईच्या गाड्या तिथे थांबतात, आणि त्यातून उतरणाऱ्या माणसांना कच्चा पाला खायची भारी हौस. त्या पाल्यावर ओतायला शौनकला काहीतरी झकास हवं होतं.

एका रविवारी तो नेहमीसारखा वरणभात जेवायला आला, तो हातात एक परदेशी बाटली घेऊन. "काकू, ही ताहिनी. तिळाचीच असते. पण आपल्या लोकांना कडू लागते, आणि आमच्या आचाऱ्याला काही जमत नाही. तू बघ ना."

मालिनीबाईंनी बोटावर घेऊन चाखली. "तीळ करपवलेत मेल्यांनी," म्हणाल्या, आणि पदर खोचला.

त्या दिवसापासून घरात तिळाचा संसार सुरू झाला. पहिल्या खेपेला त्यांनी संक्रांतीच्या लाडवाला भाजतात तसे तीळ भाजले, तांबूस, खमंग. वाटले, तर कडवट. म्हणजे लाडवाचं भाजणं इथे चालायचं नाही. मग पॉलिशचे पांढरे तीळ आणले आणि मंद आचेवर नुसते गरम केले. एखादा तीळ उडाला, वास दरवळला, की लगेच परातीत. कोमट असतानाच मिक्सरला लावायचे. आधी कूट होतो, मग तो कूट हट्टाने भांड्याच्या कडांना चिकटून बसतो, मग कुठे तेल सुटायला लागतं. तिथवर धीर धरायचा, कडांचं खाली ढकलत राहायचं, मिक्सर तापला की त्याला विसावा द्यायचा. असं करता करता शेवटी ते काकवीसारखं वाहायला लागतं.

इथवर जमलं. पुढे लिंबू पिळलं आणि सगळंच फसलं. ते वाहतं वाटण बघता बघता घट्ट गोळा होऊन बसलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. ढुंढिराजगुरुजींना भाकरीबरोबर रोज तो गोळा खावा लागला, आणि त्यांनी तो निमूटपणे खाल्ला. एका सकाळी मात्र बाईंचा संयम संपला. भांडं घासायला टाकायच्या आधी भिजावं म्हणून त्यांनी रागारागाने त्यात फ्रीजमधलं गार पाणी ओतलं आणि चमचा फिरवला. गोळा सैल झाला. आणखी थोडं पाणी, आणखी थोडा चमचा. रंग उजळत गेला आणि बघता बघता दाट, पांढरीशुभ्र साय चमच्यावरून ओघळायला लागली.

"अहो, इकडे या जरा," बाई म्हणाल्या.

गुरुजींनी बोट बुडवून चाखलं. मग दुसऱ्यांदा बोट बुडवलं. त्यांची पसंती याहून मोठ्याने कधी व्यक्त झालेली नव्हती.

मग बाईंनी चवीला हात घातला. नुसतं लिंबू बोचतं, म्हणून लिंबाच्या जोडीला मोसंबीचा रस, आणि मोसंबीची साल वरच्या वर किसून, आतलं पांढरं न येऊ देता. पुदिना, कोथिंबीर, आणि थोडा शेपू. शेपूचं नाव काढलं की निम्मी माणसं पानावरून उठतात, म्हणून तो असा बेताने, की खाणाऱ्याला ओळखू येऊ नये, पण नसला तर काहीतरी राहिल्यासारखं वाटावं. आणि हा पाला मिक्सरमध्ये अजिबात घालायचा नाही, काळा पडतो. विळीवर केसासारखा बारीक चिरायचा आणि अगदी शेवटी मिसळायचा. वर मीठ, मिरपूड, चिमूटभर पादेलोण.

शौनकने चाखली आणि काकूला मिठीच मारली. "काकू, तुझ्या नावाने लावतो मेनूवर. मालिनीकाकूची ताहिनी."

"डबा परत आण, दर वेळी विसरतोस," एवढंच मालिनीबाई म्हणाल्या. पण त्या दिवशी संध्याकाळी त्या काळारामाच्या देवळात गेल्या आणि नेहमीपेक्षा बराच वेळ बसून आल्या.

पुढचे कित्येक महिने रोज सकाळी बाई डबा भरायच्या, रिक्षा करायच्या, कॅफेच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात डबा द्यायच्या आणि परत यायच्या. मेनू बघायला त्या कधी पुढे गेल्या नाहीत. घरच्या पोराने शब्द दिलाय, तो काय तपासायचा. मधे दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एक दिवस मागच्या दाराला आतून कडी. बाई वळसा घालून पुढच्या दाराने आत गेल्या.

समोरच्या फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेलं होतं, ‘शौनक स्पेशल ताहिनी’. फळ्याखाली शौनक उभा होता आणि मुंबईची कोणी बाई मोबाइल धरून त्याचा व्हिडिओ काढत होती. तो सांगत होता, की ही चटणी तो लेबनॉनला एका म्हाताऱ्या बाईकडून शिकला, तिच्या दारात बसून, तिची मनधरणी करून. हा मुलगा उभ्या जन्मात दुबईच्या पुढे गेलेला नव्हता, आणि दुबईहूनही पोट बिघडवून परत आलेला.

मोबाइलवाली वळली. "आणि या कोण?"

शौनकने काकूकडे बघितलं. सुती साडी, हातात स्टीलचा डबा, पायात रबरी चपला. "या? या आमच्याकडे वाटणघाटण करायला येतात," तो म्हणाला. आणि वर म्हणाला, "मावशी, डबा आत ठेवा."

काकू नाही, मावशी. ठेव नाही, ठेवा. जन्मभर अरे-तुरे करणाऱ्या पोराने एका शब्दात मान दिला आणि घरातून काढून टाकलं. मालिनीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी डबा आत नेऊन ठेवला आणि त्या पुढच्याच दाराने बाहेर आल्या.

घरी येऊन गुरुजींना सगळं सांगितलं. गुरुजी म्हणाले, "चार लोकांत गडबडला असेल गं. पोर आहे. सोडून दे."

"सोडीन की," बाई म्हणाल्या. "आधी नीट धरू तर द्या."

दुपारी शौनकचा फोन आला. मालिनीबाईंना वाटलं, माफी मागेल. रडेल कदाचित. लहानपणी चूक झाली की आधी रडायचा आणि मग कबूल करायचा. शौनक म्हणाला, "काकू, मनावर घेऊ नकोस हं. व्हिडिओला एक गोष्ट लागते. काकूने घरी केली म्हटलं तर कोण बघणार? आणि ऐक ना, आता बाटल्या काढतोय. रथसप्तमीला पहिल्या बाटल्या दुकानात. तू एकदा येऊन आमच्या आचाऱ्याला हात दाखव, म्हणजे तुझी रोजची दगदग संपेल."

म्हणजे आयत्या बिळावर नागोबा बसला तो बसला, वर मुंगीला म्हणतो, आता तुला दगदग नको. मालिनीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "संक्रांत होऊ दे," गोड आवाजात म्हणाल्या. "मग शिकवते."

मग त्या विचाराला लागल्या. डूख धरलेली नागीण आणि डूख धरलेल्या मालिनीबाई यांत फरक एवढाच, की नागीण भाजी निवडता निवडता विचार करत नाही. पहिला विचार आला तो सोपा होता. आचाऱ्याला चुकीचं शिकवायचं. तीळ लाल होईतो भाजायला सांगायचे, पाला मिक्सरमधून काढायला लावायचा. बाटल्या कडू होतील, काळ्या पडतील, लोक थू थू करतील. पण थू थू कशावर करतील? चटणीवर. आणि चटणी कुणाची? तो विचार त्यांनी भाजीच्या देठांबरोबर टाकून दिला.

दुसरा विचार काळा होता. देवघराजवळच्या फडताळात गुरुजींचा काळ्या तिळांचा डबा असायचा, श्राद्धातर्पणाचा. तेच वाटून दिले, बाटलीवर तसं छापवलं, तर नाशकातलं एक घर ती बाटली उंबऱ्याच्या आत घेणार नाही. शौनकला काय कळतंय, त्याला काळी चटणी फॅशनची वाटेल. बाईंनी डब्यावर हात ठेवलासुद्धा.

मागून गुरुजींचा आवाज आला. "मालिनी, ते पितरांचे आहेत. त्यांना कॅफेत नेऊ नकोस."

बाईंनी हात काढून घेतला. सासरे हयात असते तर त्यांनी नातवाच्या कानाखाली आवाज काढला असता हे खरं, पण गेलेल्या माणसाला या वयात भांडायला बोलावणं त्यांना पटेना.

तिसरा विचार त्यांना शोधावा लागला नाही, तो शेजारणीच्या तोंडून चालत आला. "मालिनीताई, यंदा वाण काय लुटणार हो?" शेजारीण विचारत होती. "मी प्लास्टिकच्या चाळण्या आणल्यात."

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू होतं, आणि आलेल्या प्रत्येक बाईच्या हातात यजमानीण काहीतरी वस्तू ठेवते, ते वाण. वाण देतात असं कोणी म्हणत नाही, वाण लुटतात असंच म्हणतात. दारात आलेली बाई ओळखीची असो नसो, तिला रिकाम्या हाताने पाठवायची नाही. मोजून द्यायचं नाही, हातचं राखून द्यायचं नाही. दिलं की ते तिचं झालं. शेजारीण चाळण्यांचे रंग सांगत राहिली आणि मालिनीबाईंना कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

शौनकच्या बाटलीत काय होतं? एक गुपित होतं. ते गुपितच लुटून टाकलं, तर बाटलीत उरेल काय?

बाई आमंत्रणाला लागल्या. गल्लीतल्या सगळ्या, भजनी मंडळातल्या सगळ्या, कचेरीतल्या जुन्या मैत्रिणी, कॉलेज रोडच्या बंगल्यांतल्या, गंगापूर रोडच्या सोसायट्यांमधल्या, ज्या शौनककडे पाला खायला जात त्या तर आवर्जून. नवरा असलेल्या, नसलेल्या, सोडलेल्या, सगळ्यांना. भजनी मंडळातली एक म्हातारी म्हणाली, केवढं मन मोठं हो तुमचं, सगळ्यांना बोलावता. मन मोठं कसलं. सूड घ्यायला निघालेल्या माणसाला भेदभाव परवडत नाही. शौनकच्या बायकोला, स्नेहाला, त्यांनी स्वतः फोन केला. चोराच्या घरातलं एक माणूस साक्षीला हवंच.

चटणीच्या छोट्या बरण्या भरून झाल्या तेव्हा शेजारीण म्हणाली, "यावर तुमच्या नावाची चिठ्ठी लावायची ना? आमचा महेश छापून देईल."

आता नावासाठी जिचा जन्म जळला, त्या बाईने हो म्हणावं की नाही? पण मालिनीबाईंना त्यांच्या आईची शिकवण आठवली आणि ताठा आडवा आला. "वाणावर नाव घालत नसतात," त्या म्हणाल्या. "नाव घातलं की ती जाहिरात होते. जिभेला कळेल कुणाची ते."

संक्रांतीच्या दिवशी दुपारपासून घर भरलं. मालिनीबाई काळी चंद्रकळा नेसल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर फार देखण्या दिसत होत्या. हळदीकुंकू झालं, अत्तर-गुलाबपाणी झालं, बोरं-हरभऱ्यांनी ओट्या भरल्या, तिळगूळ झाला. बायका वाणाची वाट बघत होत्या. तेव्हा बाईंनी बैठकीच्या मधोमध पाट मांडला, मिक्सर जोडला, विळी काढली आणि बसल्या.

"वाण तर देतेच," त्या म्हणाल्या. "पण संपलं की पुन्हा काय कराल? म्हणून करायलाच शिकवते. ज्यांना व्हिडिओ काढायचाय त्यांनी काढा."

चाळीसेक मोबाइल वर आले. बाईंनी काही म्हणून लपवलं नाही. तीळ किती तापवायचे ते परात फिरवून प्रत्येकीच्या नाकाशी नेलं. मिक्सर कधी थांबवायचा ते ऐकवलं. लिंबू पिळल्यावर गोळा झाला तेव्हा बायका हळहळल्या. बाई म्हणाल्या, घाबरू नका, इथेच सगळ्या फसतात, आणि गार पाणी चमच्याचमच्याने सोडलं. साय उतरली तशी बैठकीतून एक सुस्कारा उठला. मोसंबी किसली, पाला विळीवर चिरला, शेपूची गोष्टही फोडली. इतक्या महिन्यांची खटपट एका दुपारी रस्त्यावर ओतली, आणि ओतताना त्यांना असं बरं वाटत होतं, की त्या घशातला पेढा खाली उतरतोय की काय.

कोपऱ्यात स्नेहा बसली होती. तिचा चेहरा चुन्यासारखा झालेला.

चटणी वाटीवाटीने फिरली. कॉलेज रोडची एक जण बोट चाटत म्हणाली, "मालिनीताई, काय म्हणायचं याला?"

हाच तो क्षण होता. एक शब्द टाकला असता तर झालं असतं. पण मालिनीबाईंचं लक्ष विचारणाऱ्या बाईकडे नव्हतंच. त्यांची नजर कोपऱ्यातल्या चुन्यासारख्या चेहऱ्यावर होती, आणि त्या चेहऱ्याला आणखी कुठे बोचेल तेवढंच त्यांना सुचत होतं.

"शौनकच्या कॅफेत मिळते ना, तीच ही," त्या एकेक शब्द तोलून म्हणाल्या. "ते मोठं गुपित आहे म्हणतात. आता तुमच्या घरात करा. तिकडे जायची गरज नाही."

"अगंबाई, शौनकची होय," बायका म्हणाल्या, आणि बरण्यांवर उड्या पडल्या.

स्नेहा सगळ्यांत शेवटी उठली. तिने वाण घेतलं, वाकून नमस्कार केला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "काकू, आज तुम्ही आमच्या संसारावर विळी फिरवलीत."

"तिळगूळ घे," मालिनीबाई म्हणाल्या. "आणि गोड बोल."

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. व्हिडिओ त्याच दिवशी सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरले, तिथून लासलगाव-येवल्याच्या माहेरी-सासरी गेले. पुढच्या हळदीकुंकवांना घरोघर तीच चटणी, गाजर-काकडीबरोबर. कोणी थालीपिठाला लावली, कोणी शिळ्या पोळीला. ज्या बायका शौनककडे जाऊन पाल्याचं ताट मागवायच्या, त्या आता मैत्रिणींना घरी बोलावून सांगायला लागल्या, की यात काही नसतं गं, गार पाणी घातलं की झालं. बाटल्या ठेवायला तयार झालेल्या दुकानदारांनी हात वर केले. घरोघर होणारी वस्तू विकत कोण घेणार? रथसप्तमी आली आणि गेली, बाटली काही आली नाही. फळा पुसून शौनकने मिसळ ठेवली. नाशकात धंदा बसला की माणूस मिसळीवर येतो.

तो काकूकडे आला तो त्याच आठवड्यात. उंबऱ्यातच उभा राहिला. "काकू, तू मला बुडवलंस."

"मी वाण लुटलं."

"तुला नाव हवं होतं तर मागायचंस ना. दिलं असतं मी."

"माझ्या हातच्या चटणीला माझं नाव मी तुझ्याकडे मागू?" मालिनीबाई म्हणाल्या. "रामकुंडावर बसणाऱ्यांच्या घरातली आहे मी. मागून मिळतं त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे."

शौनकने काकांकडे बघितलं. गुरुजी सुपारी कातरत राहिले. शौनक गेला, आणि रविवारचं त्याचं येणं बंद झालं. वरणभात दोघांपुरता शिजायला लागला. गुरुजी कधीतरी दाराकडे बघायचे. बाई बघायच्या नाहीत. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण कोणी विचारलं असतं की पुन्हा करशील का, तर त्यांनी पदर खोचून तीळ तापवायला घेतले असते. सूड गोड लागतो. नाही म्हणणाऱ्याने घेतलेला नसतो.

चैत्र लागला तेव्हा एका बुधवारी मालिनीबाई गोदाकाठी, गंगेवरच्या बाजारात गेल्या. भागीबाई नेहमीच्या जागी पाला घेऊन बसली होती. जवळच्या गिरणारे गावाहून येते, दातात तंबाखू आणि तोंडात बोलणं, दोन्ही एकदम चालू असतं. बाईंना बघून तिने एक जुडी पुढे केली.

"ताई, शौनक जुडी देऊ का?"

"काय जुडी?"

"शौनक जुडी. पुदिना, कोथमीर अन् शेपू, एकातच बांधते. ती तिळाची शौनक चटणी करतात ना घरोघर, तिच्यासाठी. लय खपती. तुम्हाला येती का करता? सोपी हाय, मी सांगते."

मालिनीबाईंनी जुडी हातात घेतली. सुतळीने छान बांधलेली होती. "हा शौनक कोण गं?"

"कोन जाणे. असंल कोणी मोठा मानूस. परदेशातून शिकून आला म्हनतात." भागीबाईने पाल्यावर पाणी शिंपडलं.

"परदेशातून नाही," मालिनीबाई म्हणाल्या. भर बाजारात, जुडी हातात धरून, त्यांनी जे संक्रांतीला म्हणायचं होतं ते आता म्हटलं. "ती चटणी माझी आहे. मी केली, माझ्या घरात."

भागीबाई हसली, समजुतीने. "हां ताई. समद्या तेच म्हनतात. सकाळची ती कॉलेज रोडची बाई आली, ती बी म्हनली, माझीच हाय. मागच्या बुधवारी एक सिडकोची. कोणी दही घालतं, कोणी शेंगदाणे. जी करती तिची."

मागे दुसरं गिऱ्हाईक ताटकळलं होतं. साहेबांनी निदान सही तरी स्वतःच्या हाताने केली होती. इथे भरल्या घरात, चाळीस मोबाइलांसमोर, पुतण्याची सही मालिनीबाईंनी स्वतःच्या तोंडाने करून दिली होती, आणि ती आता गिरणाऱ्याच्या सुतळीने बांधून नाशकात विकली जात होती.

"देऊ ना ताई?" भागीबाईने विचारलं.

"दे," मालिनीबाई म्हणाल्या. मग जुडी उलटीसुलटी करून बघितली आणि परत तिच्यापुढे धरली. "पण शेपू कमी कर. शौनक चटणीला इतका शेपू चालत नाही."

भागीबाईने शेपूच्या दोन काड्या काढून घेतल्या आणि जुडी पुन्हा बांधून दिली.